निरंक

झेरॉक्सच्या मागची खोली, जिथं आधी खेळाचं सामान असायचं,
ती आता प्लेसमेंट सेल.
कॅरमचा एक बोर्ड अजून भिंतीला टेकून उभाय,
त्याच्यावरच सेलोटेपनं चिकटवते मी नोटिसा:
घणसोलीत डेटा एंट्री, अर्धवेळ.
महापेत लॅब असिस्टंट, स्वतःची दुचाकी हवी.
ऐरोली, नाइट शिफ्ट, मुलींना घरपोच गाडी.
राणी ठेवायची ती मधली लाल जागा
मी मोकळी सोडते. का, माहीत नाही.

कमवा आणि शिका. रोज तीन तास.
काम म्हणजे दुसऱ्यांच्या आयुष्याचं एक पान करायचं.
गावंड सर म्हणतात, दुसरं पान कुणी वाचत नाही.
सर तलाठ्याच्या घरातले,
रिकामा रकाना त्यांना खपत नाही.
काही नसेल तर निरंक लिहा, म्हणतात,
पण लिहा.

म्हणून अनुभवाच्या रकान्यात
सगळं कोपरखैरणे निरंक.

अल्फिया मुकादम, निरंक.
नखं मेंदीनं तपकिरी,
लग्नसराईत एका रात्रीत अकरा जणींचे हात
आणि कुणाकडे किती बाकी, ते वहीत नाही, तोंडपाठ.

रोहिदास ढेबे, निरंक.
हा नऊच्या लेक्चरला शेवटच्या बाकावर झोपतो,
ओठ जरा उघडे, वहीवर गाल.
विचारलं, रात्री असतोस कुठं?
मार्केटला.
काय करतोस?
काय नाय. गाड्या लागतात त्या लिहितो. गोणी मोजतो.
भिजलेली गोण हात लावला की कळते, ती बाजूला काढतो.
दोन ते सहा.
किती वर्षं?
बारावीपासून. पप्पांची पाठ गेली तेव्हापासून.
मग हे लिही की!
तो हसला. ह्याला काय अनुभव म्हणतात?

मी टाइप केलं:
कांदा-बटाटा मार्केट, तुर्भे.
आवक नोंद, मालाची तपासणी. साडेतीन वर्षं.
त्यानं स्क्रीनजवळ तोंड नेऊन वाचलं,
परत वाचलं,
आणि म्हणाला, हा कोण?

मंगळवारी रबाळ्याची कंपनी आली.
सेमिनार हॉलचे पंखे आदल्या दिवशी पुसून घेतलेले,
पाण्याच्या बाटल्या लहान, प्रश्न मोठे.
पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?
रोहिदास म्हणे खरं बोलला:
झोपलेला.
ते हसले. छान हसले, म्हणे.
यादीत नाव नव्हतं.
अल्फियाचं होतं, वसुली विभागात.

दुसऱ्या दिवशी तो आला,
शर्टाच्या खिशात लाल मातीचा कांद्याचा पापुद्रा.
मी काहीतरी समजुतीचं बोलायची तयारी करत होते.
तो म्हणाला, ते पान अजून एकदा काढ ना.
जाड कागदावर.
पुढच्या कंपनीसाठी?
नाय. पप्पांना दाखवायचंय.
आणि पैसे द्यायला लागला झेरॉक्सचे, सुटे, मोजून.

काल सर म्हणाले, हर्षाली, तुझा फॉर्म?
मी तर विसरूनच गेलेले की मलाही नोकरी लागायचीय.
सगळे गेल्यावर बसले.
नाव, हर्षाली तांडेल. पत्ता, दिवाळे गाव.
टक्के, छंद, वाहन परवाना नाही.
आणि अनुभव आल्यावर
बोटांनी सवयीनं टाइप केलं
निरंक.

दोन वर्षं. दोनशे चौदा पानं.
बाहेर वॉचमन कुलूप वाजवत होता,
आटप म्हणून.
मी मागे जायचं बटण दाबलं.
क गेला.
अनुस्वार गेला.
र गेला.
थांबले.

स्क्रीनवर उरलं एवढंच: नि
आणि पुढं उघडझाप करणारी काडी,
कुणी सांगता सांगता
दम घ्यायला थांबावं तशी.